खालच्या कडीला बांधलेली होडी

एकदा एक घाटावरचा माणूस खाडीकाठी नाव चालवायला शिकू लागला. माणूस मनाने चांगला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याने जे केले ते ऐकून तुमचे मत बिघडणार आहे. त्याचे नाव मल्हारी. त्याच्या घरी चार पिढ्या बैलांची सेवा झाली. लग्न होईपर्यंत त्याने गुडघ्याच्या वर पाणी असे फक्त विहिरीत पाहिले होते. बायको मात्र मिळाली ती खाडीकाठची, वेणू. तिच्या माहेरी विधवा आई एकटी, म्हणून रीत उलटी करून मल्हारीच सासरी राहायला आला. गावाने आठ दिवस थट्टा केली आणि मग गावाला दुसरा विषय मिळाला. मल्हारीच्या मनातून मात्र ती थट्टा गेली नाही.

त्या गावाची पलीकडच्या काठाशी गाठ घालून देणारी एकच होडी होती आणि ती धाकू तांडेलाची होती. पलीकडे डांबरी रस्ता, एसटीचा थांबा, दवाखाना. अलीकडे माडाच्या बागा आणि चिखल. काठावर उभे राहून कुणी हात वर केला की होडी वळवून त्याला घ्यायचे, तो कोण नि कुठला हे विचारायचे नाही, असा धाकूबाबांचा शिरस्ता होता. सत्तरी उलटलेली, हाताची बोटे सांध्यांत वाकलेली, मूलबाळ नाही. मल्हारीला त्यांनी शिष्य म्हणून घेतले, आणि पहिले तीन आठवडे वल्ह्याला हातसुद्धा लावू दिला नाही.

"आधी बांधायला शीक," ते म्हणाले.

मल्हारीला राग आला. जन्मभर ज्याने बैल बांधले त्याला हा म्हातारा गाठ शिकवणार. पण जरा थांबून विचार करा, माणूस दिवसभरात किती वेळा काही ना काही बांधतो. घागरीच्या गळ्याला दोर, जळणाच्या मोळीला वेल, गाडीला बैल, आढ्याला मुलाची झोळी, डोक्याला मुंडासे. हात आपोआप चालतात, आणि आपल्याला वाटते गाठ म्हणजे गाठ. धाकूबाबांना तसे वाटत नसे. मोळी करकचून आवळावी, कारण ती थेट चुलीपाशीच सुटायची असते. झोळीची गाठ अशी हवी की पोराच्या वजनाने ती आणखी घट्ट व्हावी. होडी बांधायची ती वरच्या पायरीवरच्या खुंटाला, लांब दोराने आणि सुरगाठीने. मोकळे टोक ओढले की सुरगाठ सुटते, पण होडीने कितीही हिसके दिले तरी सुटत नाही. मल्हारीच्या हाताला सवय निरगाठीची. दोन हात दोर, चार वेढे, आणि वर अशी गाठ की बैलाने मान मोडून घ्यावी पण दावे सुटू नये. धाकूबाबा ती पाहत आणि एकच शब्द बोलत, "पुन्हा."

असे आठ महिने गेले. मल्हारी नाव चालवायला शिकला, भरती-ओहोटीच्या वेळा शिकला, सुरगाठही शिकला. आणि तेवढ्यात वेणूला पत्र आले.

जिल्ह्याच्या गावी परिचारिकेच्या कामाचा दहा महिन्यांचा वर्ग सुरू होणार होता आणि त्यात वेणूची निवड झाली होती. दोन वर्षांपूर्वी तिची चुलतबहीण बाळंतपणात अडली. पलीकडे नेईपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेले. तेव्हापासून वेणूच्या डोक्यात हे होते. मासळी साफ करता करता मान वर न करता ती म्हणाली, "मी जाणार आहे हो. तुम्ही काय म्हणता?"

"बघू," मल्हारी म्हणाला.

हा 'बघू' शब्द मोठा सोयीचा आहे. तो आपल्या घरांतून नाहीसा झाला तर निम्मी भांडणे आजच उघड्यावर येतील. मल्हारीने पंधरा दिवस बघू म्हटले, आणि सोळाव्या दिवशी ते पत्र पेटीतून नाहीसे झाले. वेणूने भांडी हलवली, गाद्या झटकल्या, आईच्या देवाऱ्यामागे पाहिले. मल्हारीही तिच्याबरोबर शोधत होता. पत्र त्याच्या बंडीच्या आतल्या खिशात होते.

तीन दिवस त्याला अन्न गोड लागले नाही. शोधून दमलेली वेणू भिंतीला टेकून बसली की त्याचा हात खिशाकडे जाई आणि परत येई. तो स्वतःशीच भांडत होता. ती गेली तर मी या गावात कोण? कुणाचा कोण? सासूच्या घरात खाऊन झोपणारा एक परका माणूस. तिकडे चार माणसे भेटतील, शिकलेली, स्वच्छ कपड्यांची. मग चिखलाने भरलेल्या पायांचा नवरा तिला आठवेल कशाला? हे सगळे त्याने वेणूला एकदा जरी बोलून दाखवले असते तरी ही गोष्ट इथेच संपली असती. पण पुरुषाची जात, पोटात भीती असली की ओठांवर कुलूप.

चौथ्या दिवशी सकाळी वेणूने पिशवी भरली. "पत्र मिळो न मिळो, मी आज निघते," ती म्हणाली. "उद्या सकाळी वर्गात हजर व्हायचंय. चारची एसटी आहे. अडीचला मला पलीकडे सोडा."

मल्हारी धक्क्यावर गेला. नऊचा सुमार, पूर्ण ओहोटी. होडी अगदी तळच्या पायरीशी लागली होती. तिथे एक लोखंडी कडी होती, ओहोटीच्या वेळी माणसे उतरवताना क्षणभर दोर अडकवायला. मल्हारीने त्याच कडीला होडी बांधली. दोन हात दोर, चार वेढे, दोन्ही टोकांना निरगाठ. धाकूबाबांच्या वाकड्या बोटांना ती गाठ या जन्मी सुटणार नव्हती, हे त्याला पक्के ठाऊक होते. आपणच दिसलो नाही तर होडी हलणार नाही, होडी हलली नाही तर एसटी चुकेल, आणि एसटी चुकली तर वर्ग चुकेल. एवढा विचार करून तो वरच्या बाजारात निघून गेला. एकच गोष्ट तो विसरला, आणि ती खाडीकाठचे शेंबडे पोरही विसरले नसते. बैलाखालची जमीन उठत नाही; होडीखालचे पाणी दुपारपर्यंत पुरुषभर चढते.

बाजारात त्याला बसवेना. चहा मागवला तो निवून गेला. न्हाव्याकडे गेला, तर वस्तरा लावायच्या आत उठून चालू लागला. ओळखीच्या दुकानदाराने विचारले, "काय रे, विंचू चावला की काय?" दुपार चढत गेली. वेणू धक्क्यावर उभी असेल. ती विचारत असेल. शेवटी दोन वाजता त्याचे पायच त्याला खाली घेऊन आले.

धक्क्यावर पंधरावीस माणसे गोळा झाली होती. भरतीचे पाणी अर्ध्या पायऱ्या चढून आले होते. होडीचा मागचा भाग वर उचललेला आणि तोंड आखूड दोराने खाली खेचलेले. प्रत्येक लाटेबरोबर पसापसा पाणी आत जात होते. आणि ज्या माणसाने ती होडी चाळीस वर्षे लेकीसारखी सांभाळली तो धाकूबाबा वरच्या पायरीवर मांडी घालून शांत बसला होता.

नारळाचा एक व्यापारी हातात कोयता घेऊन तणतणत होता. "अहो, सकाळपासून सांगतोय, दोर कापू द्या म्हणून. हा म्हातारा मला पुढे जाऊ देत नाही. डोळ्यांदेखत होडी बुडतेय आणि हे आपले बसलेत पाहत."

"ज्याने बांधली तो येईल," धाकूबाबा म्हणाले.

वेणू पिशवी घेऊन बाजूला उभी होती. तिने मल्हारीकडे पाहिले आणि नजर पुन्हा पाण्याकडे वळवली. मल्हारीने बंडी काढून पायरीवर टाकली आणि पाण्यात उडी घेतली. छातीभर पाण्यात उभा राहून त्याने होडीच्या तोंडाशी असलेली गाठ चाचपली. ओल्या काथ्याची निरगाठ, वर सगळ्या होडीचा ताण. नखे तुटली, बोटांतून रक्त आले, दातांनी ओढून पाहिले. गाठ त्याचीच होती, आणि त्यालाच सुटेना.

"बाबा, सुटत नाही," तो ओरडला. त्याच्या आवाजात रडू होते.

धाकूबाबा उठले. त्यांनी व्यापाऱ्याच्या हातातला कोयता घेतला, तीन पायऱ्या खाली उतरले आणि तो मल्हारीच्या हातात दिला. नवा, गेल्याच महिन्यात वळून घेतलेला दोर. मल्हारीने दोन घाव घातले. होडीचे तोंड एकदम वर आले आणि ती डोलत बाजूला झाली. माणसांनी ती धरली आणि डबे घेऊन पाणी उपसायला सुरुवात केली.

मल्हारी पायरीवर बसला. "तुम्ही सकाळीच पाहिलं होतंत?"

"दहा वाजता पाहिलं."

"मग कापू का दिलं नाहीत? बुडाली असती तर?"

"लाकूड आहे. ओहोटी लागली की वर काढली असती," धाकूबाबा म्हणाले. "त्या व्यापाऱ्याने कापलं असतं तर होडी सुटली असती, आणि तू वर बाजारात तसाच बसून राहिला असतास. एसटी चारलाच जाते. वेणू तुला न भेटताच गेली असती."

मल्हारीने मान खाली घातली. म्हातारा त्याच्या शेजारी टेकला आणि हळू आवाजात बोलू लागला.

"बैलाला दावं लावतात ते तो जाऊ नये म्हणून. त्याच्याखालची जमीन जागची हलत नाही, म्हणून आखूड दावं चालून जातं. इथे पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, ते काही तुला-मला विचारून नाही. होडीला वरखाली व्हायला दोर दिलास तर ती आठ दिवसांनीही इथंच सापडेल. आखडून बांधलीस तर तुझ्याच दोराने ती बुडेल, आणि तू म्हणशील, मी तर घट्ट धरली होती. सुरगाठ मी तुला एवढ्यासाठी शिकवली की वेळ आली की आपल्याच हाताने सोडता यावी. जी आपल्याला सोडता येत नाही तिला शेवटी कोयता लागतो. आज दोरावर भागलं." एवढे बोलून ते उठले आणि कापलेल्या दोराचा तुकडा गोळा करू लागले. माणसामाणसांच्या गाठींबद्दल ते एक अक्षरही बोलले नाहीत. सुज्ञ माणसे बहुधा होडीबद्दलच बोलतात.

अडीचच्या ऐवजी तीनला होडी निघाली. व्यापारी पुढच्या फळीवर नारळांच्या पोत्यांशी बसला, वेणू मध्ये. मल्हारी ओल्या अंगावर तशीच बंडी चढवून वल्हे मारत होता. खाडीच्या मध्यावर त्याने हात थांबवले, आतल्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला आणि वेणूपुढे धरला. मग एकदाचे सगळेच बाहेर आले.

"मीच घेतलं होतं. होडीही मीच मुद्दाम बांधली. मला भीती वाटते गं. तू गेलीस की या गावात माझं कुणी नाही. आणि तू परत आलीच नाहीस तर?"

व्यापारी घाईघाईने पलीकडच्या काठाकडे पाहू लागला. वेणूने कागद घेतला, उघडला नाही.

"पत्र कुठे आहे ते मला पहिल्या रात्रीपासून ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुम्ही झोपलात की बंडी खुंटीला असते."

"मग काढून का घेतलं नाहीस?"

"माझं पत्र मी माझ्याच घरात चोरू?"

मल्हारीने वल्हे पुन्हा पाण्यात घातले. पलीकडचा काठ जवळ आला, थांब्यावर उभी असलेली एसटी दिसू लागली. चालक खाली उतरून विडी ओढत होता. होडी लागली, व्यापारी उतरला. वेणूने पिशवी उचलली, पण ती लगेच उतरली नाही.

"हे पत्र नसतं तरी मी गेले असते," ती म्हणाली. "तिथल्या वर्गाच्या बाईंनी माझं नाव लिहून घेतलंय. तीन दिवस मी शोधत राहिले ती याच आशेने, की तुम्ही आज द्याल, उद्या द्याल. आज दिलं नसतंत तर मी पाठमोरी चालू लागले असते आणि परत कधी येणार ते सांगितलं नसतं. ते मी सकाळीच ठरवलं होतं."

आता मल्हारीला कळले. आपण सकाळी जे जाऊ नये म्हणून बांधायला निघालो होतो ते मनाने कधीच निघून गेले होते, आणि आत्ता, याच घटकेला, होडीत थांबून बोलत होते.

वेणू पाण्यात उतरली, साडी वर धरून चिखलातून दोन पावले गेली आणि वळली.

"दसऱ्याला चार दिवसांची सुट्टी आहे. आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने येईन," ती म्हणाली. "आईला सांगा, आणि तुम्ही न्यायला या."