एक ताट, दोन मांजरं

“कोणाला तरी घालवावंच लागणार. सुभाना बरा. लग्न नवं, संसार लहान, बोचकं बांधायला वेळ लागायचा नाही!”

भिंतीला कान असतात म्हणून दिवाणजी भिंतीपासून चांगले लांब उभे राहून पुरोहितांच्या कानात हे बोलले. पण तिथेच मुदपाकखान्याच्या पायरीवर सुभानाची नवी नवरी भिवरा तांदूळ निवडत बसली होती, तिच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. नवी सून बोलत नाही, त्या अर्थी तिला ऐकूही येत नसावं, असा कवठगडच्या वाड्यात सगळ्यांचा समज होता!

भानगड मांजरांची होती. थोरल्या राणीसाहेबांची पांढरी शेवंती आणि धाकट्या राणीसाहेबांचा काळा मखमल. दोघं समोरासमोर आली की फिस्स, गुर्रर, आणि मग वाडाभर केसांचे पुंजके! दोघांना दूध घालायचं काम सुभानाचं. त्याच्या हातांवरचे ओरखडे पाहून वाटावं, हा लढाईहूनच आलाय.

तरी हे चाललं असतं. पण राजेसाहेबांनी शेजारच्या निमगिरीच्या राजांना कळवलं, “आमच्या वाड्यात मांजरंसुद्धा एका ताटात जेवतात!” निमगिरीकरांनी उलट निरोप धाडला, “वा! पौर्णिमेला बघायलाच येतो.”

झालं! फजिती झालीच तर खापर फोडायला कोणीतरी हवं, म्हणून दिवाणजींच्या सल्ल्यानं राजेसाहेबांनी सुभानाला बोलावलं. “पौर्णिमेला दोघं एका ताटात जेवली पाहिजेत. नाहीतर तू राज्याबाहेर!”

दरबारानं मदतीत कसूर केली नाही. सेनापती म्हणाले, “दोघांना एका पेटाऱ्यात कोंडा. आपोआप सलोखा होईल!” पेटारा उघडायला ते स्वतः वाकले. मांजरं सुखरूप बाहेर आली. सेनापतींची मिशी मात्र एकाच बाजूला उरली. पुरोहितांनी मार्जारशांती केली. शांती लाभली ती पुरोहितांना. दक्षिणा कनवटीला लावून ते घरी जाऊन गाढ झोपले.

भिवरा सगळं बघत होती. रोज सकाळी दोन्ही महालांत मांजरांना अत्तर लावण्याचा थाट चाले. शेवंतीला केवडा, मखमलला हिना. आपलं मांजर दुसरीच्या मांजरापेक्षा कमी घमघमलेलं कोणत्या राणीला खपेल? आणि मांजर तर माणसं काय, मांजरंही वासानंच ओळखतं. म्हणजे रोज सकाळी दोघांनाही वाटे, वाड्यात कोणी परका घुसला!

सुभाना जेवायला बसला तेव्हा, सासूबाई चुलीपासून हलल्याचं बघून, भाकरी वाढता वाढता ती हळूच म्हणाली, “अहो, ते अत्तर बंद करा.”

“मी? राणीसाहेबांचं? अगं, माझं डोकं जागेवर राहील का?”

“तुम्ही फक्त थोरल्या राणीसाहेबांच्या दासीजवळ सहज बोला. म्हणावं, धाकट्या राणीसाहेब म्हणतात, आमचं मांजर जातीचं खानदानी, त्याला अत्तर लागतच नाही. ज्यांच्यात काही कमी असतं, ते लावतात.”

“बाप रे! आणि धाकट्यांच्या दासीला काय सांगू?”

“तेच. नावं तेवढी बदला.”

दुपारपर्यंत दोन्ही महालांतल्या अत्तरदाण्यांना बुचं बसली!

मग भिवरा सांगत गेली आणि सुभाना करत गेला. दोघांना वेगळ्या दालनांत ठेवलं. शेवंतीचं अंथरूण मखमलखाली, मखमलचं शेवंतीखाली. मधलं दार बंद. दाराच्या अलीकडे एक वाटी, पलीकडे एक. गुरगुर ऐकू आली की वाट्या मागे, निमूट जेवली की जराशा पुढे. पुढं दार बोटभर उघडलं. मग वीतभर.

“अजून दारच उघडतोयस का रे?” दिवाणजी येता-जाता खवचटपणे विचारत. “बोचकं बांधलंस ना?”

पौर्णिमा उजाडली. निमगिरीचे राजे लोडाला टेकून बसले. चिकाच्या पडद्याआड दोन्ही राण्या, त्यांच्यामागे दासी, अगदी मागे भिवरा. सुभानानं गालिच्याच्या दोन टोकांना दोन वाट्या ठेवल्या आणि मांजरं सोडली.

शेवंतीनं मखमलकडे पाहिलं. मखमलनं शेवंतीकडे पाहिलं. सेनापतींनी उरलेली मिशी हातानं झाकली.

आणि दोघं आपापल्या वाटीपाशी बसून लपालपा दूध पिऊ लागली! पिऊन झाल्यावर शेवंतीनं तिथेच अंग चाटलं. मखमल एक जांभई देऊन आडवा झाला. सभा “वाहवा!” म्हणणार, तेवढ्यात दिवाणजी उसळले, “सरकार! हुकूम एका ताटाचा होता. या तर दोन वाट्या!”

राजेसाहेबांचा चेहरा उतरला. “खरंच की! आम्ही शब्द दिला होता. सुभाना, काय उत्तर आहे तुझं?”

सुभाना घाईघाईनं दोन्ही वाट्या एकमेकींजवळ सरकवू लागला. तेवढ्यात पडदा हलला आणि डोक्यावरचा पदर सावरत भिवरा पुढे आली.

“सरकार, ताट मागवावं. पण मुक्या जनावरांना कोणी करून दाखवल्याशिवाय कसं कळणार? आधी दोन्ही राणीसाहेबांना एका ताटात वाढावं. त्या जेवल्या की मांजरं बसतीलच!”

राजेसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्याच्या डाव्या बाजूनं बांगड्या खणखणल्या. उजव्या बाजूनं त्याहून जोरात खणखणल्या.

आधी निमगिरीकर हसले. त्यांच्या वाड्यात तीन राण्या होत्या! मग राजेसाहेब असे हसले की त्यांचा फेटा सुटला. “नको, नको! दोन वाट्याच बऱ्या! सुभाना, तू कुठे जात नाहीस. दिवाणजी, उद्यापासून मांजरांना दूध तुम्ही घाला. आणि मुली, तू माग, काय हवं ते. दागिना? पैठणी?”

भिवरा खाली बघत, पण सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“सरकार, आमच्या घरात सासूबाई आणि मी दोघीजणी, आणि चूल एकच. तेवढी दुसरी मांडून द्या!”