वैद्यबुवा आणि मिठाचा खडा

एका जंगलात एक कोल्हा राहत असे. हो, कोल्हाच, तोंडं वाकडी करू नका. हा कोंबड्या पळवणारा नव्हता, वैद्य होता. लहानपणी तो शहराच्या कडेला एका वैद्यकीय कॉलेजच्या खिडकीखाली राहिला होता. आत सर मुलांना माणसाचं शरीर शिकवायचे आणि बाहेर हा कान टवकारून ऐकायचा. माणसाच्या अंगात हाडं दोनशे सहा, हृदयाला कप्पे चार, मूत्रपिंडं दोन, असं सगळं त्याला घडाघडा पाठ होतं. फक्त एक गडबड झाली होती. पावसाळाभर ती खिडकी बंद असायची. त्या महिन्यांत शिकवलेलं सगळं त्याचं राहून गेलं होतं, आणि आपलं काही राहिलंय हेही त्याला माहीत नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जंगलात परतल्यावर त्याने जांभळीखाली दवाखाना थाटला. ससा ठेच लागून लंगडत आला की कोल्हा आधी म्हणे, "एका पावलात सव्वीस हाडं असतात."

"माझ्या?" ससा विचारी.

"माणसाच्या. गप्प बस आणि पाय पुढे कर."

मग तो पाला वाटून लावी. पाला बरा असायचा, ससा चार दिवसांत उड्या मारू लागायचा. प्राणी त्याला मानत. 'वैद्यबुवा' म्हणत, वाटेत दिसला की बाजूला होत. कोल्ह्याला ते फार आवडे.

अशात एका उन्हाळ्यात ओढ्यापलीकडच्या बिळात एक साळू राहायला आली. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असतात ते. ती काही शिकलेली नव्हती. पण साळूंना मीठ चाटायची जन्माची खोड असते, तशी तिलाही होती. कुठल्याशा गुराख्याने गुरांसाठी ठेवलेला मिठाचा मोठा खडा तिला सापडला होता. तो तिने जपून बिळात ठेवला होता. मीठ कुठे, किती आणि कशात, एवढं मात्र तिच्या जिभेला बरोब्बर कळे. आल्या आल्या सगळं जंगल तिला 'मावशी' म्हणू लागलं. का, ते मला विचारू नका. काहींना लोक लगेच मावशी म्हणतात.

त्या वैशाखात डोहांचं पाणी आटलं, उरलं ते घाण झालं, आणि पिल्लांना हगवण लागली. माकडीण आपलं पोर छातीशी धरून जांभळीखाली आली. पोराला सारखं जुलाब होत होते, ओकाऱ्या होत होत्या.

"पाणी बंद!" कोल्हा म्हणाला. "जितकं आत जाईल तितकं बाहेर येईल. आतच गेलं नाही तर बाहेर कुठून येणार?"

ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! मी सातवीला शरीरशास्त्र शिकवायची, तेव्हा निम्मा वर्गही मला हेच सांगायचा. दुसऱ्या सकाळी त्या पोराचे डोळे खोल गेले, ओठ सुकले, आणि पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहू लागली. माकडीण घाबरली. तिने पोर उचललं आणि ओढा ओलांडला.

तिसऱ्या दिवशी कोल्ह्याने वर पाहिलं, तर तेच पोर जांभळीच्या फांदीला लोंबकळत आईची शेपटी ओढत होतं.

"कुणाचं औषध?" त्याने विचारलं.

"मावशीचं हो! नुसतं पाणी पाजलं तिनं, घोट घोट करून."

"पाणी? मी बंद केलेलं पाणी?"

"तेच की," माकडीण म्हणाली आणि पोराला घेऊन निघून गेली. पोर वाचलं याचा कोल्ह्याला आनंद झाला असेल, असं तुम्हाला वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. नाही झाला. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तेव्हापासून दवाखान्यात बसून तो ओढ्याकडेच बघू लागला. आज हरिणी गेली. आज रानडुकरीण गेली, आणि तिने इकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. कालपर्यंत वाटेतून बाजूला होणारा ससा आज "मावशीकडे चाललोय, येता का?" असं विचारून गेला. कोल्ह्याचा नुसता जळफळाट झाला. घास गोड लागेना, झोप लागेना.

"अहो, जेवा की," कोल्हीण म्हणाली. "पोरं बरी होतायत ना? कुणाच्या का हातानं होईनात."

"अडाणी बाई ती! माणसाला हाडं किती असतात ते विचार तिला. सांगता येईल?" कोल्हा उसळला. "आणि मावशी काय, मावशी! इतकी वर्षं पाला वाटून वाटून माझे पंजे हिरवे झाले. मला कुणी कधी काका म्हणालं?"

कोल्हीण उठली. तिने त्याचं पान झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कोल्हा करवंदीच्या जाळीआड दडून बसला. पलीकडे मावशीच्या दारात हरिणी आपलं आजारी पाडस घेऊन बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मावशीने करवंटीत झऱ्याचं पाणी घेतलं, त्यात थोडा मध घातला. मग बिळातून तो पांढरा खडा आणला आणि चिमूटभर खरवडून पाण्यात टाकला. नंतर तिने हरिणीचा गाल पंजाने पुसला, तो पंजा जिभेला लावला, करवंटीतलं पाणी चाखलं, पुन्हा थोडं साधं पाणी ओतलं, पुन्हा चाखलं, आणि मान हलवून करवंटी पाडसापुढे धरली.

'बघा, कसं नाटक करते!' कोल्ह्याच्या मनात आलं. 'आयांचे डोळे पुसते, म्हणून तर मावशी झाली. ते सोंग मला नाही जमायचं. पण खरी करामत त्या खड्यात आहे, एवढं न कळायला मी काही खुळा नाही.'

मावशी पाणी आणायला झऱ्यावर गेली, तेवढ्यात त्याने बिळात तोंड घातलं आणि खडा पळवला. घरी आणून तो जांभळीच्या ढोलीत लपवला. त्या दिवशी तो पोटभर जेवला. आता ओढ्यापलीकडे काही उरलं नाही, असं म्हणून तो गाढ झोपला.

आणि दोनच दिवसांत त्याच्या स्वतःच्या पिल्लाला हगवण लागली.

एकुलतं एक पिल्लू होतं हो ते. दुपारपर्यंत ते मान टाकून पडलं. कोल्हीण म्हणाली, "अहो, मावशीकडे नेऊ या."

"माझं पोर तिच्या दारात? सगळं जंगल हसेल मला!" कोल्हा म्हणाला. "थांब. तिचं औषध माझ्याकडे आहे. ती चिमूटभर घालते, मी मूठभर घालतो. तिच्याहून लवकर बरं करून दाखवतो."

त्याने मूठभर मीठ पाण्यात कालवलं आणि पिल्लाला पाजलं. तहानेलं पिल्लू बिचारं, बापाने दिलं म्हणून घटाघटा प्यायलं. मग ओकलं. मग जुलाब आणखी वाढले. जीभ लाकडासारखी कोरडी पडली, आणि "पाणी, पाणी" म्हणणारा त्याचा आवाजही बंद झाला. कोल्हीण पुढे झाली. तिने पिल्लाची मान अलगद दातांत धरली आणि ओढ्यात उतरली. कोल्हा मागोमाग धावला. हसेल कोण आणि काय म्हणेल कोण, सगळं विसरला.

पलीकडे दारात चार-पाच आया पोरं घेऊन ताटकळत बसल्या होत्या. हरिणीचं पाडस पुन्हा मलूल झालं होतं. मावशी नुकतीच टेकडीवरून परतली होती आणि तिचं तोंड मातीने बरबटलं होतं.

"खडा कुठं गेला कळेना," ती आयांना सांगत होती. "परवापासून खारी माती शोधत फिरतेय. कुठंच मिळाली नाही गं." एवढ्यात तिला पिल्लू दिसलं. तिने त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती उभीच राहिली. "वैद्यबुवा, काय पाजलंत याला?"

खोटं बोलावं तर पिल्लू जातं. खरं बोलावं तर अब्रू जाते. कोल्ह्याने पिल्लाकडे पाहिलं.

"मीठ," तो म्हणाला. "मूठभर."

"मीठ कुठून आणलंत?"

सगळ्या आया त्याच्याकडे बघू लागल्या.

"तुमच्याच बिळातून. मीच पळवला खडा. तुम्हाला सगळे मावशी म्हणतात ते मला बघवत नव्हतं."

"मेल्या!" माकडीण ओरडली आणि तिने काटकी उगारली.

"भांडण मागाहून," मावशी म्हणाली. "आधी खडा घेऊन या. पळा!"

कोल्हा असा पळाला की काय सांगू! धापा टाकत परत आला, तेव्हा ओढ्यातून त्याच्या पायाला एक जळू चिकटून आली होती. मावशीने खड्यातून एक कण काढून जळवेवर टाकला. जळू गळून पडली, आक्रसली आणि तिच्या अंगातून पाणी सुटलं.

"दिसलं?" मावशी म्हणाली. "मीठ जिथं जास्त, तिथं पाणी ओढलं जातं. पिल्लाच्या पोटात मूठभर मीठ गेलं, तसं त्याच्या अंगातलं उरलंसुरलं पाणी पोटात उतरलं आणि बाहेर पडलं. आता याला आधी नुसतं पाणी. कोल्हीणबाई, थेंब थेंब जिभेवर सोडा, घाई नको. मीठ-मधाचं मापाचं पाणी नंतर."

"मग मीठ घालताच कशाला?" कोल्ह्याने रडवेल्या आवाजात विचारलं.

"जुलाबात पाण्याबरोबर अंगातलं मीठही जातं. ते परत दिलं नाही, तर नुसतं पाणी अंगात टिकत नाही."

आणि मध कशाला, हे मी सांगते, कारण ते मावशीलाही ठाऊक नव्हतं. आतड्याच्या भिंतीतून मिठाला आत शिरायला गोडाची मदत लागते, आणि मीठ आत गेलं की त्याच्यामागून पाणी जातं. हा धडा त्या कॉलेजात पावसाळ्यात शिकवत असणार.

"पण माप काय?" कोल्हा म्हणाला. "किती मीठ घालायचं?" एवढं विचारेपर्यंत त्याला हुंदका फुटला. जन्मात न रडलेला कोल्हा तो! पिल्लू निपचित पडलं होतं, डोळे अर्धे मिटले होते. कोल्ह्याचे अश्रू नाकाडावरून ओघळले आणि तोंडात गेले.

"कसं लागलं?" मावशीने विचारलं.

"खारट."

"तेवढंच. रक्तातलं मीठ जितकं, जवळजवळ तितकंच डोळ्यांतल्या पाण्यात असतं. औषधाचं पाणी त्याहून खारट लागता कामा नये. म्हणून मी आयांचे गाल पुसते आणि चाखून बघते. मला लिहिता-वाचता येत नाही, वैद्यबुवा. माझं माप तेच. तुम्ही दारात येऊन विचारलं असतंत, तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

कोल्ह्याला मान वर करवेना. मावशीने करवंटी त्याच्यापुढे सरकवली. "माझे हात चिखलानं भरलेत. हरिणीचं पोर खोळंबलंय, त्याचं पाणी तुम्ही करा."

स्वतःचं पिल्लू तिथे पडलेलं, आणि कोल्हा हरिणीच्या पाडसासाठी पाणी कालवू लागला. त्याने मध घातला. चिमूटभर मीठ घातलं. अश्रू चाखला, पाणी चाखलं. खारट झालं होतं, म्हणून त्याने साधं पाणी ओतलं आणि पुन्हा अश्रू चाखला. अश्रूंना त्या दिवशी तोटा नव्हता. पाडस चुटूचुटू पाणी पिऊ लागलं, तशी हरिणी हळूच म्हणाली, "काका, एवढं पुरे की अजून देऊ?"

ज्या शब्दासाठी त्याने इतका जीव जाळला होता, तो हा. पण कोल्ह्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो कोल्हिणीच्या मांडीवरचं पिल्लू बघत होता.

ऊन कलेपर्यंत कोल्हीण थेंब थेंब पाणी पाजत राहिली. मग मावशीने मापाचं पाणी सुरू केलं. पिल्लाने एकदा जीभ हलवली, मग ओठ चाटले. कोल्ह्याने त्याला कुशीत घेतलं. थोड्या वेळाने त्याला आपलं पोट ओलं लागलं. त्याने खाली पाहिलं. पिल्लाने शू केली होती!

"शू झाली!" मावशी आनंदाने म्हणाली. "अंगात पाणी टिकलं. वाचलं हो तुमचं पोर, वैद्यबुवा!"

हसू नका. शू झाली म्हणजे मूत्रपिंडं कामाला लागली. सकाळपासून एक थेंबही झाली नव्हती, म्हणून कोल्ह्याला त्या वेळी त्या शूहून मोठं काही नव्हतं. त्याने ओल्या अंगानेच उठून मावशीला नमस्कार केला, काटे टोचले तरी केला. कोल्ह्याचा मत्सर त्या दिवशी कायमचा गेला, असं मी म्हणणार नाही. ओढ्याकडे बघताना पुढेही अधूनमधून त्याचं तोंड उतरायचं. पण मग तो उठायचा, ओढा ओलांडायचा आणि विचारायचा, "मावशी, हे कसं करता हो तुम्ही?"

तात्पर्य : मत्सर करणाऱ्याला दुसऱ्याच्या हातातली वस्तू दिसते, त्या हाताला ठाऊक असलेलं माप दिसत नाही, वस्तू चोरता येते, माप मात्र विचारूनच घ्यावं लागतं.