बाबलची राखण

फार जुन्या काळची ही गोष्ट. मार्गशीर्ष वद्य पंचमी होती. पहाटे दाट धुकं होतं, उन्हं वर आल्यावर ते निवळलं आणि उत्तरेचा गार वारा सुटला. त्या दिवशी समुद्राकाठचं एक गाव रिकामं झालं.

तशी त्या गावाची रीतच होती. काही वर्षं गेली की ग्रामदेव कौल देई आणि सगळं गाव गुरंढोरं, कुत्री, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर खोपटं बांधून राही. घरात धान्य तसंच ठेवायचं, दार नुसतं ओढून घ्यायचं, कुलूप लावायचं नाही. मागे गाव राखायला देव एकटा. परत कधी यायचं, तेही देवच सांगे. मांजरं मात्र कुणाच्या हाती लागत नसत. आपल्याला देवाची सूट आहे, असं मांजरं म्हणत.

त्या गावात बाबल नावाचा शेतकरी होता. त्याच्या माजघरात पुढच्या वर्षीचं बियाणं होतं, पेंढ्याच्या गोल मुडीत घट्ट बांधलेलं. ते गेलं तर शेत पडीक आणि पोरंबाळं उपाशी. त्यामुळे बाबलचा पाय घरातून निघेना.

"अरे, देव राखतो," देवळाचा गुरव म्हणाला. "आजवर कुणाचं काही गेलंय?"

"राखत असेल," बाबल म्हणाला. "पण घरं एवढी, देव एकटा. आणि मी तर त्याचे डोळे कायम मिटलेलेच पाहिलेत."

"देवाच्या डोळ्यांची काळजी तुम्ही करू नका," बाबलची बायको यसवदा म्हणाली. "ती तांबडी कोंबडी माडावर चढायच्या आत तिला धरा."

बाबलने कोंबडी धरली. सगळ्यांबरोबर वेशीबाहेरही गेला. पण दुपारी, सरपण आणतो म्हणून निघाला तो मागच्या वाटेने थेट घरी आला आणि दारात काठी घेऊन बसला.

गावात चिटपाखरू नव्हतं. धूर नाही, हाक नाही, रहाटाची कुरकुर नाही. बाबलला शिंक आली आणि तिच्या आवाजाने तो स्वतःच दचकला. मग सोबत हवी म्हणून तो स्वतःशी बोलू लागला. "काय बाबल, बरा आहेस ना?" "बरा आहे, तू?" थोड्या वेळाने ते बोलणंही संपलं.

तेवढ्यात घरची मांजर आली.

"तू इथे कसा?" तिने विचारलं.

"राखण करतोय. तू कशाला आलीस?"

"राखण करायला."

बाबलला हसू फुटलं. "मेले, तुला कुणी नेमलं?"

"गाव निघालं की घर मीच राखते. तुला कुणी नेमलं?"

बाबलने काठी उगारली. "दुधावर टपलीस, चोरटे!" दूध देणारी म्हैस वेशीबाहेर होती, पण रागात ते त्याच्या ध्यानात आलं नाही. मांजर कुंपणावरून पसार झाली. बाबलने दार आतून लावलं, खिडकीत गोधडी कोंबली आणि दाराकडे तोंड करून बसला.

दिवेलागणीला कुठेतरी खुडखुड झाली. "कोण आहे रे?" बाबल दाराकडे बघून ओरडला. "आत आम्ही सातजण आहोत!"

खुडखुड थांबली. चोर पळाला! बाबलला स्वतःचंच कौतुक वाटलं. जरा वेळाने पुन्हा खुडखुड. पुन्हा बाबल ओरडला, पुन्हा चोर पळाला. असे त्याने कितीतरी चोर पळवले.

तिकडे वेशीवरच्या देवळात गुरवाने देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावून कौल मागितला. डावी पाकळी पडली. म्हणजे अजून थांबा. खोपटांतली माणसं म्हणाली, "बरं," आणि पुन्हा गाणी म्हणू लागली. सरपणाला गेलेला बाबल कुठे असणार, हे यसवदाला ठाऊक होतं. इकडे बाबल कोरडे पोहे चावत चोर पळवत राहिला.

अखेर उजवी पाकळी पडली आणि ढोल वाजवत गाव घरी आलं. घराघराच्या ओटीवर मांजरं ऊन खात पडली होती. आत दाणासुद्धा हलला नव्हता. बाबल लाल डोळ्यांनी बाहेर आला आणि म्हणाला, "मी होतो म्हणून वाचलात! नाहीतर गाव लुटलं असतं."

यसवदा माजघरात गेली. तिने मुडीला हात लावला, तर मुडी चपटी झाली. आत नुसतं फोलपट होतं. मुडीमागून एक गलेलठ्ठ उंदीर सावकाश निघून गेला. त्याला पळणं जमत नव्हतं.

"लुटलंय," ती बाहेर येऊन म्हणाली. "पण एकट्या आपल्यालाच."

 शेजारच्या ओटीवर मांजर तोंड धूत होती. "देवाने मला ठेवलं होतं," ती बाबलला म्हणाली. "तू मला हाकललंस."

 गुरवाने घरून ओंजळभर बियाणं आणून यसवदाच्या पदरात घातलं. त्याचं बघून दुसरा उठला, मग तिसरा. घराघरातून ओंजळ आली, आणि पुढच्या पावसाळ्यात बाबलचं शेत बांधापासून बांधापर्यंत लावून झालं.

तात्पर्य: देवावर सोपवलं की निर्धास्त असावं, तो राखतोच, फक्त आपण सांगू त्या रीतीने राखत नाही.