कंपनीचा माल, तीन खोकी

यमुना खिल्लारे कुकरची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस मशीनवर होती. काम भराभर व्हावं म्हणून मॅनेजर सबनीसांनी मशीनवरच्या संरक्षक जाळ्या काढायला लावल्या आणि महिन्याभरातच तिचं बोट चेंगरलं.

मग एके दिवशी माल घेणाऱ्या कंपनीच्या तपासनीस जोगळेकरबाई आल्या. "आमच्याकडे वर्षभरात एकही अपघात नाही," सबनीस छाती फुगवून म्हणाले. बाईंनी यमुनाच्या बोटाच्या पट्टीकडे पाहिलं.

"ती होय? कंत्राटी आहे. कंत्राटी माणसं आम्ही कंपनीची धरत नाही."

यमुनाच्या डोक्यात तिडीक गेली, पण ती हसली. मैत्रिणींना बोलावून तिनं पाठवायच्या मालाच्या थप्पीतली तीन खोकी ठेवली, बाकीची सगळी बाजूला ओढली.

"हे काय चाललंय?" सबनीस ओरडले.

"साहेब, कायम कामगारांचा माल एवढाच. बाकीचा आम्ही कंत्राटी बायकांनी केलेला. आम्ही कंपनीच्या नाही, तर आमचा माल कंपनीचा कसा?"

जोगळेकरबाई खळखळून हसल्या. "बोला सबनीस, तीनच खोकी नेऊ की या सगळ्यांना कंपनीत धरताय?"

दुपारपर्यंत प्रत्येक मशीनवर जाळी बसली. अपघातांच्या कोऱ्या वहीत सबनीसांनी स्वतःच्या हातानं पहिलं नाव लिहिलं, 'यमुना खिल्लारे', आणि यमुनानं आडनावातली वेलांटी दुरुस्त करून घेतली.