बाईंचा पहारा

माळावरच्या बाभळीखाली सातभाई पाखरांची शाळा भरायची, तेव्हाची ही गोष्ट. पहिल्याच दिवशी करडीबाईंनी वर्गाला बजावलं, "शिक्रा कधी झडप घालेल, नेम नाही. रोज प्रत्येकाने पाळीपाळीने शेंड्यावर पहारा करायचा. त्याआधी वाळवीला चोच लावायची नाही. आणि बोलायचं असेल तर पंख वर करायचा."

चौथ्या दिवशी बाईंनीच वाळवी टिपली. लगेच वर्गातल्या ठिपकीने पंख वर केला. "बाई, तुमचा पहारा राहिलाय."

बाईंची पिसं फुलली. "अगं, मी शिकवते ना तुम्हाला!"

"पण तुम्ही 'प्रत्येकाने' म्हणाला होतात." ठिपकीने वर केलेला पंख खाली घेतला नाही.

बाईंनी वाळवी खाली ठेवली आणि त्या शेंड्यावर जाऊन बसल्या. शेजारच्या फांदीवरचा होला पक्षी हसला, "काय बाई, आज तुम्हालाच शिक्षा?"

"शिक्षा कसली?" बाईंनी मान ताठ केली. "चारच दिवसांत माझा वर्ग शिकला की हो!"