सगुणा वस्ताद आणि मुठीत अडकलेला डाव

एका राज्यात लाठीचं भारी वेड होतं. तिथे पाळण्यावर खुळखुळ्याऐवजी वेताची छडी टांगीत, आणि नवरानवरी एकमेकांना माळ घालण्याआधी लाठीचे दोन हात खेळून दाखवीत.

त्या राज्यातल्या पहिल्या वस्तादाचा धूमकेश नावाचा शिष्य होता. हुशार, कष्टाळू, तालमीत सर्वांआधी येणारा. वस्तादाने त्याला सगळे डाव दिले, शेवटचा मात्र दिला नाही. ‘उद्या हा मलाच लोळवील’ अशी भीती त्याच्या मनात शिरली. धूमकेश रागाने रानात गेला, जादू शिकला, आणि परत येऊन वेशीवर उभा राहिला.

“माझ्यापासून एक डाव लपवलात? आता या राज्यातला प्रत्येक गुरू शिष्यापासून एक डाव लपवील. द्यायला जाईल, तर त्याची मूठ उघडणार नाही. विद्या अशी झिजत जाईल. ती संपेल त्या दिवशी सिंहासन माझं. आणि तोवर मी म्हातारा होणार नाही!”

बोलला तसंच झालं. चंदनाचं खोड सहाणेवर झिजावं तशी विद्या पिढ्यान्‌पिढ्या झिजली. शेवटी भैरोजी नावाचा एकच वस्ताद उरला, आणि त्याच्यापाशी तीनच डाव.

त्याची एकुलती शिष्या होती सगुणा, नावाड्याची लेक. लहानपणापासून वल्हं मारून तिचे दंड घट्ट झाले होते, आणि ती इतकं मोठ्याने हसायची की पलीकडच्या तीरावरच्या म्हशी मान वर करीत.

भैरोजीने तिला दोन डाव दिले. ती म्हणाली, “वस्ताद, आता तिसरा.”

म्हाताऱ्याने हात पुढे केला. मूठ मिटली ती मिटलीच. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“पोरी, द्यायचं मनात आहे गं, पण हात ऐकत नाही. हा शाप या राज्यातल्या गुरूंना आहे, बाहेरच्यांना नाही. तू बाहेर जा. पहिल्या वस्तादाने आपले डाव पाखरांकडून, राक्षसांकडून, नागांकडून उचलले होते म्हणतात. तिथेच शोध.”

सगुणेने त्याच्या पाया पडून वेस ओलांडली.

वाटेत नदीचं वाळवंट लागलं. तिथे एक टिटवी उभी होती. टिटवी माणसासारखी बोलली. नदीकाठच्या माणसाला त्यात काय नवल?

“आभाळ कोसळलं तर झेलायला मी पाय वर करून निजते,” टिटवी म्हणाली. “तू पाय कसा टाकतेस, दाखव.”

सगुणा चार पावलं चालली. टिटवीने कर्कश आरोळी ठोकली. “अगं, हे पाऊल की उखळ? या वाळूवर ठसा न उमटवता पैलकडे जा. मग पुढे बघू.”

ठसा उमटला की टिटवी ओरडे, आणि सगुणा पुन्हा मागे येई. तळवे भाजले, पोटऱ्या भरून आल्या. एके सकाळी ती पैलकडे पोचून वळली, तर मागची वाळू कोरी. टिटवीने तिला पायांचे सारे डाव दिले.

पुढे डोंगर आला. डोंगरावर ताडाएवढी राक्षसीण भाकऱ्या थापीत बसली होती.

“आधी जेव,” ती म्हणाली. “काटकीला मी काही शिकवीत नाही.”

चाकाएवढी भाकरी सगुणेने संपवली. मग राक्षसिणीने मूठभर मोहरी घेतली. “मी उधळते, तू लाठी फिरव. अंगाला एक दाणा लागता कामा नये.”

पहिल्या दिवशी सगुणेच्या केसांत, कानांत, चोळीत मोहरीच मोहरी. राक्षसीण पोट धरून हसली, सगुणाही हसली, आणि डोंगरावरून दोन दगड घरंगळले. पण लाठी रोज फिरत राहिली. शेवटी तिचं असं गरगरतं कवच झालं की सगळी मोहरी बाहेरच सांडली. राक्षसिणीने हातांचे सारे डाव दिले, वर वाटेसाठी शिदोरी दिली.

तिसरा मुक्काम गुहेत. आत पांढरा नाग एका सोन्याच्या लाठीला वेढा घालून बसला होता.

“ही घे,” नाग म्हणाला. “हिच्या धन्याला त्रैलोक्यात कुणी हरवू शकत नाही. खोट एकच. तो कुणाला काही शिकवू शकत नाही.”

सगुणेने लाठी उचलून पाहिली. हाताला ती अशी बसली, जणू तिच्यासाठीच घडवली होती. बराच वेळ तिला ती खाली ठेववेना.

“नागदेवा,” ती अखेर म्हणाली, “एकटीनेच जिंकत राहायचं, तर खेळायचं कुणाशी?” आणि तिने सोनं जागच्या जागी ठेवलं.

नागाने फणा डोलवला. “मग शेवटचा डाव तुझा. त्याचं नाव मोकळा हात. वैरी लाठीला लाठी भिडवून रेटू लागला, की आपली लाठी सोडून द्यायची. तो आपल्याच जोराने तोंडघशी पडतो, आणि तू लाठी भुईला लागायच्या आत झेलायची. पण ध्यानात ठेव. भिऊन सोडलीस तर तू पडशील. हसत सोडलीस तर तो पडेल.”

सगुणा परतली आणि तिने नदीकाठी तालीम उघडली. शिंपी आले, कोष्टी आले, लेकुरवाळ्या बायका आल्या. खुद्द राजा चित्रसेन पहाटे येई आणि गुडघे चोळीत दरबारात जाई. सगुणेने सर्वांना भरभरून शिकवलं. पण मोकळा हात द्यायची वेळ आली की छातीत काहीतरी कुजबुजे, ‘उद्या हे तुलाच लोळवतील,’ आणि तिची मूठ घट्ट मिटे. ती तशीच घरी जाई. त्या दिवसांत म्हशींना तिचं हसू ऐकू आलं नाही.

विद्या परत आल्याची वार्ता धूमकेशाच्या कानी गेली. तो धुराच्या लोटावर बसून भर दरबारात उतरला. केस काळेभोर, हातात जुनी लाठी.

“वस्ताद, उभी राहा,” तो म्हणाला.

सगुणेने त्याला तीनदा लोळवलं. तिन्ही वेळा तो धूळ झटकून उठला.

“लोळव हवं तितकं. तू म्हातारी होशील, मी होणार नाही. तुझ्या मुठीतला डाव तुझ्याच सरणावर जळेल.”

पण सगुणा त्याचे डोळे पाहत होती. ते सिंहासनाकडे लागले नव्हते. ते तिच्या मनगटावर खिळले होते, अधाशासारखे. तालमीतले नवशिके असेच बघत.

“इकडे ये,” ती म्हणाली. “उजवा पाय मागे घे. हा डाव मी तुला शिकवते.”

राजा ताडकन उठला. “सगुणे! शत्रूला डाव देतेस?”

“महाराज, शत्रू तो नंतर झाला. आधी शिष्य होता.”

तिची मूठ दगडासारखी आवळली. छातीतली कुजबुज ओरडू लागली, ‘लोळवील! लोळवील!’ आणि अचानक सगुणेला हसू फुटलं. लोळवलं तर लोळवलं, अंगाला मातीच तर लागेल! हसता हसता तिची बोटं उघडली.

“मनगट सैल सोड. अजून सैल. हं, आता.”

धूमकेश दोनदा चुकला. तिसऱ्यांदा त्याने हात मोकळा सोडला, आणि सगुणा वस्ताद सगळ्या दरबारासमोर सपशेल आडवी झाली.

तेवढ्यात धुळीतून आवाज आला, “वाहवा, पठ्ठ्या!”

धूमकेश मटकन बसला. लहान मुलासारखा रडला. रडता रडता त्याचे केस पिकले, पाठ वाकली, जादू धुरासारखी विरून गेली. “वस्ताद,” तो एवढंच म्हणाला, आणि त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. शाप तुटला.

त्या क्षणी साऱ्या राज्यातल्या मुठी उघडल्या. विसरलेले डाव ज्याच्या त्याच्या हातात परतले. बाजारात भाजीवाल्या तागडीच्या दांड्या फिरवू लागल्या, आणि प्रधानजींच्या हातून दौत उडाली ती त्यांनी पाठीमागे झेलली. भैरोजी धापा टाकीत दरबारात आला आणि त्याने सगुणेला आपला तिसरा डाव दिला. तिला तो येत होता. तरी तिने तो मान खाली घालून नव्याने शिकून घेतला.

पुढे सगुणेच्या तालमीत रीत पडली, की शिष्याने वस्तादाला लोळवल्याशिवाय त्याचं शिक्षण पुरं व्हायचं नाही. ती लोळली की गूळखोबरं वाटलं जाई. तिने शेकडो शिष्य घडवले आणि शेकडो वेळा पाठ टेकली. म्हातारपणी लोळण्याची तिला इतकी सवय झाली, की पडता पडताच ती शिष्याच्या चुका सांगे. सर्वांत उशीर लागला राजा चित्रसेनाला. पण ज्या दिवशी त्याला जमलं, त्या दिवशी त्याने साऱ्या राज्याला सुट्टी दिली, गळ्यात ढोल अडकवला, आणि वेशीपासून वेशीपर्यंत स्वतः बडवीत गेला. त्याच्या मागे सगुणा, अंगभर माती, आणि तिचं ते हसू.