सात फुलपाखरांची खबर

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा माणसांना घाई कमी होती आणि पोस्टकार्डावर जागा पुष्कळ वाटायची. घाटाच्या पायथ्याशी एका गावात एक गुरुजी होते. शाळेमागे रुईची झुडपं होती आणि चैत्र लागला की केशरी फुलपाखरं त्यांवर अंडी घालत. गुरुजींनी पोरांना त्याचा नादच लावला होता. पानामागची अंडी मोजायची, मग अळ्या, मग हिरवे कोश, आणि शाळेच्या भिंतीवर गेरूने रोजचा आकडा लिहायचा. कोश धरले की गुरुजी घाटावरच्या शाळेला कार्ड टाकत, "आमची आता निघतील." पंख फुटलेली फुलपाखरं वाऱ्याबरोबर घाट चढून जात. वरची पोरं कड्यावर जाऊन वाट बघत आणि उलट कार्ड येई, "तुमची पोचली." त्या दिवशी शाळेत दुसरा धडा होत नसे. काय दिवस होते ते!

गुरुजींचा नियम एकच. ज्याचं झुडूप त्यानंच बघायचं, त्यानंच लिहायचं. बाकीच्यांनी लांब राहायचं, नाहीतर वीस हात लागून झुडपाचं वाटोळं व्हायचं. गुरुजी स्वतःही जवळ जात नसत. पोरांनी लिहिलं की ते खरं, असा त्यांचा कारभार होता.

एका वर्षी रस्ता रुंद झाला आणि चार झुडपं गेली. उरलं एकच, द्वारकीचं. द्वारकी गावच्या गुरवाची मुलगी. त्या चैत्रात तिला पानांमागे सात अंडी सापडली, खसखशीच्या दाण्याएवढी. तिने भिंतीवर ऐटीत 'सात' लिहिलं. त्या दिवशी तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती होती. बाप म्हणाला, "द्वारके, माळेला एकशेआठ पानं लागतील. नदीपल्याड रुई माजलीय, तिकडनं आण. दिवस हाय तवरच जा."

द्वारकी "व्हय" म्हणाली आणि सागरगोटे खेळत बसली. खेळ रंगला, दिवस कलला. आता नदीपलीकडे जायला वेळ कुठला? शाळेमागचं झुडूप हाताशी होतं. अंड्यांची पानं तेवढी सोडायची, असं ठरवूनच तिने हात घातला. पण सूर्य बुडाल्यावर पान तोडत नाहीत, म्हणून हात भराभर चालले आणि पान उलटून बघायचं राहून गेलं.

पहाटे मारुतीच्या गळ्यात माळ पडली. समईच्या उजेडात देवाच्या खांद्यावरचं एक पान उलटं झालेलं तिला दिसलं. त्यावर पांढरा ठिपका होता. ते अंडंच होतं. माळ उतरली की पानं परत नेऊन ठेवू, अशी तिने मनाची समजूत घातली. पण दुसऱ्या दिवशी ती धावत देवळात गेली, तोवर बापाने निर्माल्य नदीत सोडलंही होतं.

झुडपाची उरलेली पानं तिने उलटून बघितली, एकही अंडं नव्हतं. मग गेरूची वाटी घेऊन ती भिंतीपाशी बराच वेळ उभी राहिली. गावात एकच झुडूप उरलेलं, गुरुजींचा सगळा जीव त्यात. शून्य काढायला हात धजेना. तिने 'सात' लिहिलं.

मग त्या खोट्याला पाय फुटले. तीन दिवसांनी 'सात अळ्या'. दोन आठवड्यांनी 'सात कोश'. मागच्या वर्षीचे दिवस तिला पाठ होते. गुरुजींनी तिच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली आणि कार्ड टाकलं, "आमची आता निघतील. सात आहेत." ती थाप पुढे कितीतरी दिवस तिच्या पाठीला टोचत होती.

वैशाख सरत आला तेव्हा वरून कार्ड आलं, पण 'पोचली' असं नव्हतं. कुणा मुलीचं अक्षर होतं. गुरुजींनी ते मोठ्याने वाचलं.

"आम्ही रोज कड्यावर बसतो. अजून एकही आलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीला मी सांगितलंय, सातातलं एक तुझं. बाकीचे ऊन चढलं की घरी जातात, ती उठतच नाही. भाकरीसुद्धा तिथंच नेऊन द्यावी लागते. अजून किती दिवस, ते कळवा."

शाळा सुटली, पण द्वारकी जागची हलली नाही.

"काय गं, घरी नाही जायचं?" गुरुजींनी विचारलं.

"गुरुजी, तिला घरी पाठवा."

"कुणाला?"

"त्या धाकटीला. फुलपाखरं नाही येणार. अंड्यांची पानं मीच तोडली. पुढचं सगळं खोटं लिहिलं." एवढं बोलून ती हमसाहमशी रडायला लागली.

गुरुजींना राग आला होता आणि वाईट त्याहून जास्त वाटलं होतं. मग त्यांनी गेरूची वाटी पुढे केली.

"शून्य काढ."

"सगळे हसतील, गुरुजी."

"हसू देत. अगं, शून्यसुद्धा खबरच असते. ती पहिल्या दिवशी गेली असती तर ती पोर उन्हात बसली नसती."

द्वारकीने भिंतीवर शून्य काढलं. कार्डही तिनेच लिहिलं.

आठवड्याने उत्तर आलं. या वेळी पाकीट होतं. "धाकटी खूप रडली. तुझ्यावर चिडली. मग घरी आली आणि जेवून झोपली. तिने तुला म्हाताऱ्या पाठवल्यात. पेर म्हणाली."

पाकिटात रुईच्या बिया होत्या, रेशमी केसांच्या. द्वारकीने त्या शाळेमागे पेरल्या. त्या वर्षापासून गुरवाच्या घरी पान उलटून बघितल्याशिवाय माळेत ओवलं गेलं नाही. तिसऱ्या चैत्रात नव्या झुडपांवर अंडी दिसली. तिने कार्ड टाकलं, "आमची निघतील. पाच आहेत." आणि वरून उत्तर आलं, "पोचली. त्यातलं एक धाकटीचं."

द्वारकी आता आजी झाली आहे. गुरुजी गेले, कार्डं लिहायचंही बंद झालं. शाळेला दरवर्षी चुना लागतो, पण रंगारी एक जागा सोडून देतात, कारण द्वारकीआजी तिथे उभी असते. गेरूचं ते शून्य अजून आहे. ते पाहिलं की तिला गुरुजी आठवतात, आणि कधीच न पाहिलेली ती धाकटी आठवते, कड्यावर भाकरी खात बसलेली.

तात्पर्य एवढंच: जे घडलं नाही ते घडलं नाही असंच सांगावं, आपल्या शब्दावर भरवसा ठेवून कुणीतरी कुठेतरी वाट बघत बसलेलं असतं.